कंपनीचा फोन

साडेतीन वाजले तरी जागेश्वर छपरीतून हलायला तयार नव्हता. खाटेवर मांडी घालून बसला होता आणि समोर पाटावर, देव मांडावा तसा, मोबाईल मांडला होता. त्यावर नेटवर्कची एक काडी नव्हती. चार दिवसांपासून नव्हती.

"बाबा, चाला ना. पाच वाजता फॉर्म बंद होते." आचल गाडीजवळ फाईल घेऊन उभी. नर्सिंगच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. आठ किलोमीटरवर, नवेगाव-बांध गावात, नेट होतं. पण ओटीपी येणार बापाच्या याच मोबाईलवर.

"जाऊ ना बाई. कंपनीचा फोन येऊन जाऊ दे एकडाव."

काल बाजाराला गेला तेव्हा त्यानं तिथूनच तक्रार केली होती. पलीकडची बाई भलतीच गोड. 'साहेब चोवीस तासांत फोन करतील. जिथं नेटवर्क नाही तिथंच थांबा, मोबाईल चालू ठेवा.' जागेश्वरला जन्मात कुणी इतक्या आदरानं थांबायला सांगितलं नव्हतं.

"अठी नेटवर्कच नाही, त फोन येईन कसा?"

"कंपनीचा फोन आहे तो! आपल्यासारख्याचा आहे का?"

सायकलवरून भैय्यालाल चालला होता, तो थांबला. "का गा जागेश्वर, सत्यनारायण मांडला का?"

याच भैय्यालालनं एके काळी गावात तारेवरचं इंटरनेट आणलं होतं. बिघडलं की शिव्या देत शिडी घेऊन यायचा, पण यायचा. मग कंपनीचा टॉवर आला, तीन महिने नेट फुकट, आणि गावानं त्याची तार आपल्याच हातानं उतरवली. आता तो त्याच कंपनीचे रिचार्ज विकतो.

"काका," आचल म्हणाली, "तुमची तार जोडा ना, अर्ध्या घंट्यासाठी."

"तार कुठं आहे पोरी? तुह्या बापानं वालाच्या मांडवाले बांधली."

"तवा फुकट भेटून राहिलं होतं," जागेश्वर पुटपुटला.

"आता कायले बसून राहिला मंग? पोरीले घेऊन जा!"

जागेश्वरनं एक पाय चपलेत घातला. पण तेवढ्यात फोन आला तर? अख्ख्या गावाची तक्रार त्याच्या एकट्याच्या नावावर होती. त्यानं पाय काढून घेतला.

"पंधरा मिनिटं पाहू."

अशी पंधरा मिनिटं चारदा झाली. पावणेपाचला आचल फाटकाशी बसली आणि तोंड ओढणीत घालून रडायला लागली. तेव्हा मात्र त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि गाडीला लाथ मारली.

अर्ध्या वाटेत म्हशींचा कळप आडवा आला. शेवटची म्हैस बाजूला झाली आणि खिशात मोबाईल थरथरला.

"आला! म्हनलं नव्हतं?" त्यानं गचकन ब्रेक मारला. "वाच बाई, वाच."

आचलनं वाचलं. "आपल्याशी पाच वेळा संपर्क साधला. ग्राहक उपलब्ध नाही. तक्रार बंद करण्यात आली आहे."

वर वेळ होती, पाच वाजून चार मिनिटं.

जागेश्वरनं मोबाईल हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला.

"मी त दिवसभर घरीच होतो ना," तो मोबाईललाच म्हणाला.

"हो बाबा," आचल म्हणाली. "होते तुम्ही."