हजेरीवर कात्री

केतकीने दिलेली नोट्सची पट्टी वृंदाने कानामागे चिकटवली, आणि बुडालेला कालचा तास तिला स्वतः वर्गात बसल्यासारखा आठवू लागला. पट्टीवरचं एकदा डोक्यात उतरलं की जन्मात विसरत नसे. केतकीला नोट्स कापून साफ करायचा कंटाळा, त्यामुळे घारपुरे मॅडमच्या रसायनशास्त्राबरोबर तिची भूक, जांभया, नव्या चपलेचं चावणं, सगळंच वृंदाच्या वाट्याला आलं.

फक्त हजेरी घेताना मॅडमनी "वृंदा साठे?" म्हटलं, आणि पुढच्याच क्षणी फळा अर्धा भरलेला होता.

वृंदाने लगेच फोन लावला. "मधलं काय कापलंस?"

"काही नाही गं, मॅडम खोकत होत्या."

"स्वतःच्या जांभया ठेवल्यास आणि मॅडमचा खोकला तेवढा कापलास?"

"तुला ना, सगळ्यातच काहीतरी दिसतं," म्हणत केतकीने फोन ठेवला.

वृंदाची खात्रीच पटली. परीक्षेला येणारं काहीतरी हे लोक लपवत होते. मागच्या खेपेला तर तिने याच संशयावरून अख्ख्या वर्गाची तक्रार केली होती.

तिने कॅन्टीनमध्ये रशीदला गाठलं. मागच्या बाकावरच्या रशीदला कुणाचीच भीड नव्हती. त्याने पट्टी न कापताच तिच्या हातावर ठेवली. वृंदाने ती तिथेच कानामागे चिकटवली.

"वृंदा साठे?" मॅडमनी विचारलं. कुणीच ओ दिली नाही. तसं छातीवरचं दडपण उतरलं, आणि आजचा तास मजेत जाणार म्हणून वृंदा खुदकन हसली.

तिने पट्टी ओरबाडून काढली. तोवर तिला ते पाठ झालं होतं.