अकरा ठोके

“ताई, हे ठोके तालात नाहीत. एकदा पलीकडे जाऊन बघून या,” रेकॉर्डिंगवाला हेडफोन कानावरून सरकवत म्हणाला.

तिनं मान हलवली. “शेजारच्या काकू आहेत त्या. राहू देत. गाण्याचाच भाग आहे तो.”

वेळ होता कुठे? बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं, आणि दुपारी ते फार तर तासभर झोपायचं. चार महिन्यांच्या लेकीला सोडून स्टुडिओत जायला तिचं मन धजेना, म्हणून बाहेरच्या खोलीत गाद्या उभ्या करून, खिडकीला रजई टांगून माइक मांडला होता. गाणं पहिलंच, तेही याच महिन्यात बाहेर पडायला हवं होतं. तरी दोन कडव्यांच्या मध्ये ती आत जाऊन आली. बाळाच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास बोटाला लागला, मग माइकपाशी परतली. तिची ही तिसरी फेरी. रेकॉर्डिंगवाला नुसता हसला.

काकूंनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं होतं. ती जे गायची त्या पाश्चात्य गायकीला सोल म्हणतात, हे ऐकून त्यांनी आधी विचारलं होतं, हे गाणं आहे की गाऱ्हाणं? मग चार दिवस ऐकून स्वतःच म्हणाल्या, पोटातून येतंय, म्हणजे चालेल. तेव्हापासून तिचा रियाज सुरू झाला की काकू खुर्ची भिंतीला लावून बसत. मधली भिंत पातळ. एक ठोका म्हणजे चुकलं, परत. दोन म्हणजे छान, पुढे जा. काठीच्या लोखंडी टोकानं त्यांच्या बाजूला, खुर्चीच्या हाताच्या उंचीवर, बारीक बारीक खड्डे पडले होते. काकू त्यांना तिची हजेरी म्हणायच्या.

त्या दुपारचे ठोके ना एक होते, ना दोन. कुठेही येत, मध्येच थांबत. काकूंचं वय झालंय, तिच्या मनात आलं, आणि बाळ उठेल म्हणून जरा रागही आला. गाणं संपलं. माइक चालूच होता. बऱ्याच वेळानं पलीकडून एक ठोका आला, आणि बाळ रडत उठलं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे ती आईकडे गेली. दुसऱ्या दिवशी बाळाची लस होती. तिसऱ्या दिवशी परतली तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं. काकू गेल्या होत्या, रेकॉर्डिंगच्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशींनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा कळलं. काकूंच्या भाच्यानं सगळं उरकलं होतं. आत्या शांतपणे गेली, एवढंच तो म्हणाला. तिनंही पुढे विचारलं नाही.

ठोके पुसून देतो, असं रेकॉर्डिंगवाल्यानं दोनदा सुचवलं. ती ऐकेना. काकूंनी तिच्यासाठी शेवटचा ताल धरला होता, तो पुसायचा कसा?

गाणं बाहेर पडलं त्या दिवशी साठ जणांनी ऐकलं, त्यांतले निम्मे नातेवाईक. सासूबाई म्हणाल्या, एवढं रडण्यासारखं हिला घरात काय कमी आहे? मग रेडिओवरच्या निवेदिकेनं ते लावलं आणि ठोक्यांबद्दल विचारलं. तिनं काकूंची गोष्ट सांगितली. त्यानंतर गाणं तिच्या हातात राहिलंच नाही. बसमध्ये कानात इअरफोन घातलेली माणसं समोरच्या सीटवर बोटानं तेच अकरा ठोके धरू लागली. एका समीक्षकानं लिहिलं, या गायिकेहून मोठी कलावंत भिंतीपलीकडे बसलेली आहे. सासूबाईंचा चमचाही आता ओट्यावर त्याच ठेक्यात वाजायचा, कुणी बघत नसेल तेव्हा.

पहिल्या कार्यक्रमात सगळ्या सभागृहानं खुर्च्यांच्या हातांवर ठोके दिले. गाणं संपलं, शांतता पसरली, आणि मग तो शेवटचा, एकटा.

“शेवटी एकच का?” निवेदिकेनं विचारलं.

“एक म्हणजे चुकलं, परत,” ती म्हणाली. “दुसरा मला अजून मिळवायचाय.”

लोकांनी डोळे पुसले.

पाच महिन्यांनी भाच्याचा फोन आला. घर रिकामं केलं होतं, उद्या रंगारी येणार होते. भिंतीचा फोटो हवा असेल तर आजच येऊन जा, म्हणाला.

ती बाळाला कडेवर घेऊन गेली. खुर्ची नव्हती, पण तिची जागा कळत होती. खड्डे तिथेच होते, जुने, धुळीनं भरलेले. तिनं त्यांवरून हात फिरवला. फोटो काढायला बाळाला खाली ठेवलं, तर ते भिंतीकडेनं रांगत सुटलं आणि थेट न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बसलं. तिथं भिंतीत बोट घालून काहीतरी उकरू लागलं. तोंडात चुना जाईल म्हणून ती धावली आणि गुडघ्यांवर बसली.

जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरे, ताजे खड्डे होते. पहिले खोल. मग एकेक उथळ होत गेलेले. शेवटचा तर नुसता ओरखडा.

तिनं बोटानं मोजले. अकरा.

भाचा खिडकीबाहेर बघत उभा होता.

तुम्ही जिथं बसून हे वाचताय, तिथल्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहे. हे पान असंच पालथं ठेवा, आणि एकदा जाऊन बघून या.