रुचिता हजर

"रुचिता?" फोनमधून वर्षाराणीबाईंचा आवाज आला.

मेघालीने भावाचा जुना फोन पुढे ओढला आणि घाईघाईने टाइप केलं, ‘हजर बाई. माईक चालत नाही.’

"पुन्हा माईक? बरं. मेघाली?"

"हजर बाई!" मेघाली स्वतःच्या फोनवर मोठ्याने बोलली आणि मग तिचा जीव भांड्यात पडला.

साथीमुळे शाळेला कुलूप लागल्यापासून दहावीचा वर्ग फोनवर भरत होता. चिंचणीच्या त्या घरात रेंज मिळे ती फक्त पोटमाळ्यावर. खाली अंगणात आई काठ्यांवर बोंबील घालत असे आणि वर पत्र्याखाली घामाघूम होत मेघाली दोन फोन मांडून बसे. एक तिचा आणि एक रुचिताच्या नावाचा.

पाचवीपासून दोघी एका बाकावर बसायच्या. रुचिता वाणगावजवळच्या वाडीतली, चिकूच्या बागायतदाराची मुलगी. शाळेचं ॲप आलं तेव्हा तिला त्यातलं काही उमगेना. मेघालीनेच तिचं खातं उघडून दिलं आणि दोघींची नावं जोडून पासवर्ड ठेवला.

सुरुवातीला रुचिता नेमाने यायची. फोन तिच्या वडिलांचा, त्यामुळे मेसेज टाकायची चोरी होती. वडील सगळे मेसेज वाचत. मग एकदा संध्याकाळी तिचाच फोन आला.

"मेघाली, उद्यापासून मी वर्गाला बसणार नाय."

"का गं? दहावी हाय ना आपली!"

"नाय बसणार. तू आपला अभ्यास कर. माझ्यासाठी काय करू नको."

"अगं पण झालं काय?"

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "कोनाशी बोलते?" आणि फोन बंद झाला. त्यानंतर मेघालीने लावलेला एकही फोन कुणी उचलला नाही.

माझ्यासाठी काय करू नको म्हणे! रुचिता आधीपासून तशीच. डबा विसरली तरी दुसऱ्याच्या डब्यात हात घालणार नाही. मेघालीला वाटलं, रिचार्जला नाही म्हणाले असतील, नाहीतर बागेत कामाला माणूस कमी पडत असेल. आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. वर त्या घरीच येऊन थडकायच्या. आदल्याच आठवड्यात चारुता वर्गात दिसेना, तर बाई स्कूटर काढून तिच्या दारात हजर! तिला सुकट निवडायला बसवलं होतं. बाईंनी तिच्या आजोबांना साऱ्या आळीसमोर फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चारुता वर्गात आली. रुचिताच्या वडिलांना असं चारचौघांत कुणी बोललं असतं, तर सगळा राग रुचितावर निघाला असता. मेघालीला ते ठाऊक होतं.

म्हणून ती रुचिता झाली.

हे सोपं नव्हतं. गणिताची चाचणी आधी रुचिताची सोडवायची, मग स्वतःची. रुचिता वजाबाकीच्या चिन्हात हमखास चुकायची, म्हणून मेघालीही तिथे मुद्दाम चुकायची. एकदा बाई म्हणाल्या, "रुचिता, किती वेळा सांगायचं? चिन्हाकडे लक्ष दे." मेघालीला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. रुचिता इथे हवी होती.

आपण वाणगावला जाऊन यावं, असं तिला कितीदा वाटलं. पण रिक्षा बंद, एसटी बंद, आणि आई म्हणायची, "कुटं मराला जातेस साथीत? दम धर जरा." मेघालीने दम धरला.

शाळा उघडली तेव्हा रुचिताची जागा रिकामी होती. तिचं लग्न झालं होतं, दिवाळीनंतर लगेच, तिकडे उंबरगावला. गुपचूप, घरच्या घरी.

वर्षाराणीबाई खुर्चीत मटकन बसल्या. "पण ती तर रोज वर्गात होती," त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. मेघालीने मान खाली घातली. सांगून आता काय उपयोग, असं तिने मनाला समजावलं. निदान आपण मैत्रिणीसाठी हातपाय हलवले, एवढंच समाधान तिने धरून ठेवलं.

ते समाधान तिला पुरलं नाही. ती बारावी झाली, पालघरला कॉलेजात जाऊ लागली. आपण चालत का होईना, एकदा वाणगावला जायला हवं होतं, ही टोचणी काही गेली नाही.

आणि परवा बोईसरच्या बाजारात कुणीतरी मागून तिचा दंड धरला.

"वळखलंस काय?"

रुचिताच होती. अंगाने सुकलेली, कडेवर लहान मुलगी. दोघी रसवंतीच्या बाकावर बसल्या. रुचिताने मेघालीचं कॉलेज विचारलं, विषय विचारले, सगळं मन लावून ऐकलं.

"मी यायला पायजे होतं गं तुझ्याकडं," मेघाली कशीबशी म्हणाली.

"तू काय करणार होतीस? आपण पोरी." रुचिताने मुलीला रसाचा घोट पाजला. "बाबा तर म्हणायचे, बस वर्गाला, शाळेत कुनाला संशय नको. बाजूलाच बसून राहायचे, तोंड उघडायची सोय नव्हती. मग मीच बसायचं बंद केलं, मुद्दाम. म्हटलं, चारुताकडे आल्या तशा बाई येतील, चार शिव्या घालतील, लगीन मोडेल. रोज फाटकात उभी राहायचे, स्कूटर वाजते काय बघत."

तिने ग्लास खाली ठेवला.

"मेघाली, एवढे दिवस मी गैरहजर होते, तरी बाई माझ्याच घरी का आल्या नाय गं?"