पाठीवरची पट्टी

"हा माणूस बायकोला विष घालतोय, मी सांगते तुम्हाला!" विमलताई कारखानीस वाचनालयाच्या टेबलावर कादंबरी आपटत म्हणाल्या. "रोज स्वतःच्या हातानं चहा करून देतो. एवढं प्रेम कशाला उतू जातंय?"

ग्रंथपाल शेंडेकरांनी पुस्तकाच्या पाठीवरची लाल पट्टी बघितली आणि जीभ चावली. "ताई, माफ करा. बायंडिंगहून आलेल्या गठ्ठ्यात पट्ट्यांची अदलाबदल झालीय. ही रहस्यकथा नव्हेच, कौटुंबिक आहे."

त्यांनी लाल पट्टी सोलून हिरवी चिकटवली. विमलताईंनी सवयीनं तिच्यावर अंगठा दाबला. नेहमीसारखी बारीक झिणझिणी मनगटातून डोक्यापर्यंत गेली आणि पट्टीनं त्यांचं मन कौटुंबिक कथेला जुळवून दिलं. मग त्यांनी तेच पान उघडलं. नवरा चहात साखर ढवळत होता. शब्द तेच होते, पण या खेपेला त्यांचे डोळे भरून आले.

"बिचारा," त्या पुटपुटल्या आणि लगेच चपापल्या. "शेंडेकर, हीच पट्टी बरोबर कशावरून?"

"प्रकाशकाच्या यादीत तसंच आहे."

"आणि यादीच चुकली असली तर?"

शेंडेकर यादी पुन्हा पहिल्या पानापासून तपासू लागले.

घरी विमलताईंचे यजमान अनंतराव यांनी चहा टाकलाच होता. अडतीस वर्षांचा शिरस्ता! "घे, निवेल," म्हणत त्यांनी कप पुढे सरकवला. विमलताईंनी तो उचलून चहूबाजूंनी निरखला, बूडसुद्धा पाहिलं. पट्टी कुठंच नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही एक घोट घ्या."