मेंदी उतरेपर्यंत

टाळी वाजवून शेवंतीनं दोन्ही तळवे वरच्या कॅमेऱ्याला दाखवले. हातात काही लपवलेलं नाही, हे सांगून टेबल सोडायची ही कॅसिनोतली रीत. पण तळव्यांवर धाकट्या बहिणीच्या लग्नातली मेंदी होती, आणि पत्ते वाटणाऱ्या हातांवर रंग चालत नसे. जुन्या मॅनेजरनं नुसत्या नखांच्या रंगावरून एकीला कायमचं घरी बसवलं होतं. त्याला सगळ्या मुली मिरची म्हणत.

नवा मॅनेजर आला तेव्हा मुली हसल्या होत्या. "ही तर नुसती पेज गो. ना मीठ, ना तिखट."

आता त्यानंच शेवंतीला बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच ती निघाली. मांडवी नदीच्या पाण्यावर कॅसिनोची बोट संथ डुलत होती, दुपारचं ऊन छतावर थरथरत होतं, आणि आपले पाय जमिनीला लागतच नाहीत असं तिला वाटत होतं.

"रंग छान चढलाय," तो म्हणाला. "उतरेपर्यंत टेबलावर नको. माडीवरच्या खोलीत नव्या मुलींना पत्ते वाटायला शिकवा."

आठ दिवस ती नदीकडच्या खिडकीपाशी शिकवत राहिली. पत्ते तिच्या बोटांतून पाण्यासारखे सरकत आणि मुली भान हरपून बघत. मेंदी फिकी होत गेली तशी तिला हुरहूर लागली.

शेवटच्या दिवशी एकीनं भीत भीत विचारलं, "बाय, साहेब ओरडतात का गो?"

"नाही," शेवंती म्हणाली. "म्हणून तर त्यांच्यासमोर चुकायची लाज वाटते."