आवरलं का?

जाणाऱ्या माणसाची आणि घरच्यांची तयारी करून घेणं, हे माझं नर्सचं काम. या आजोबांनी माझे प्रश्न झटक्यात निकालात काढले. "हॉस्पिटल नको, नळ्या नकोत. आण इकडे, सही करतो."

"तुमचं तर सगळं आवरलंय की, आजोबा!"

"माझं आवरलंय गं, हिचं कुठे? जन्मभर मी चपला घालून दारात उभा आणि हिचं आपलं आवरतंच आहे. महिना झाला, गॅसचा सिलिंडर बदलायला शिकवतोय. जमेल तर शपथ!"

एवढं काय अवघड आहे, बघावं म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. आजी एकट्याच नवा सिलिंडर सराईतपणे लावून मोकळ्या झाल्या होत्या.

"अहो आजी, येतंय की तुम्हाला!"

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "ऐकलं तर निघतील ते."