मॉनिटरवरचा टॉवेल

"आमच्याकडे मॉनिटर नाही, मॅडम," साक्रीचे डॉक्टर ओशाळून म्हणाले. लिलाबाईचं बाळ पोटात आडवं आलं होतं, म्हणून सुट्टीवर आलेल्या लष्करी भूलतज्ज्ञ कॅप्टन यशोधराला त्यांनी भूल द्यायला घाईनं बोलावलं होतं. "माले जाग येई ना वं, ताई?" लिलाबाई रडवेली झाली. यशोधराला टॉवेल आठवला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात तिला शिकवणारे कर्नलसाहेब भर ऑपरेशनमध्ये नाडी-श्वास दाखवणाऱ्या मॉनिटरवर टॉवेल टाकून विचारायचे, "अब बताओ, पेशंट कैसा है?" तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "येई जाग. तुना हात मी सोडस नही," म्हणत तिनं लिलाबाईची नाडी धरली. ऑपरेशन संपेपर्यंत तिचं बोट तिथून हललं नाही. लिलाबाई शुद्धीवर येताच नर्सनं टॉवेलात गुंडाळलेली पोर आणली. "कशी शे?" लिलाबाईनं विचारलं. टॉवेल दिसताच यशोधरा खाडकन ताठ झाली. "एकदम ठीक, सर!"